उबुंटूत सॉफ्टवेअर बसत नाही? आधी पहिली चूक वाचा

आमच्या गावच्या वाचनालयात सहा जुने डेस्कटॉप आहेत. विंडोज त्यांच्यावर रांगायला लागलं, तेव्हा मी सगळ्यांवर उबुंटू टाकलं. पहिल्या आठवड्यात काम एकच होतं, मराठी टायपिंग चालू करून द्यायचं. त्यासाठी ‘आयबस-एम१७एन’ नावाचं एक छोटंसं पॅकेज लागतं. एका कमांडचं काम, मला दोन दिवस पुरलं. एका मशीनचं घड्याळ चुकलेलं, दुसऱ्यावर मधेच लाईट गेली, तिसऱ्याची डिस्क भरलेली. तिन्ही ठिकाणी पडद्यावरून इंग्रजी ओळी सरसर वर गेल्या आणि मी दर वेळी फक्त शेवटची ओळ उचलून गूगलवर टाकत बसलो. सगळा घोळ तिथेच होता.

खाली लिहिलंय ते उबुंटूसाठी आहे. उबुंटू (पहिली आवृत्ती २००४ ची) डेबियनच्या पायावर उभं आहे आणि लिनक्स मिंट उबुंटूच्या, त्यामुळे यातलं बरंचसं तिन्हीकडे चालेल. कमांड मी इथे देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या रोमन लिपीत, लहान अक्षरांत, अंकही इंग्रजी, अशा टाकायच्या. सुडो म्हणजे एस-यू-डी-ओ, पुढची कमांड ॲडमिनच्या हक्काने चालवायला. ॲप्ट म्हणजे ए-पी-टी, भांडारातून पॅकेजं आणणारा. डीपीकेजी म्हणजे ती चार अक्षरं, आणलेलं पॅकेज प्रत्यक्ष बसवणारा.

हाताशी काय हवं

- टर्मिनल, म्हणजे कमांड टाइप करायची खिडकी. कंट्रोल, ऑल्ट आणि टी एकदम दाबलं की उघडतं.
- ॲडमिन असलेल्या खात्याचा पासवर्ड. तो टाइप करताना बहुतेक आवृत्त्यांत ठिपकासुद्धा दिसत नाही. कीबोर्ड बिघडलेला नसतो, टाइप करून एंटर मारा.
- आपली आवृत्ती कोणती ते. ‘एलएसबी_रिलीज -ए’ टाकलं की नंबर आणि टोपणनाव दोन्ही कळतं. २२.०४ म्हणजे ‘जॅमी’, २४.०४ म्हणजे ‘नोबल’. हे टोपणनाव पुढे लागणार आहे.
- मशीन कोणत्या जातीचं ते. ‘डीपीकेजी --प्रिंट-आर्किटेक्चर’ टाका. साध्या पीसीवर ‘एएमडी६४’ येतं, प्रोसेसर इंटेलचा असला तरी. रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरवर बहुधा ‘आर्म६४’.
- लॅपटॉप असेल तर चार्जर लावलेला. डेस्कटॉप असेल तर यूपीएस, निदान लाईट जायची वेळ सोडून बसा.

आणखी एक गोष्ट. टर्मिनलमधून मजकूर कॉपी करायला कंट्रोल-शिफ्ट-सी. नुसतं कंट्रोल-सी दाबलंत तर चालू काम तिथल्या तिथे तुटतं. एरर कॉपी करायला गेलो आणि अर्धं इन्स्टॉलेशन मारून बसलो, हे माझं दोनदा झालंय.

१. वर सरका आणि पहिली चूक शोधा

ॲप्टच्या शेवटच्या ओळीत बऱ्याचदा एवढंच असतं: ‘सब-प्रोसेस डीपीकेजी रिटर्न्ड ॲन एरर कोड (१)’. डॉक्टरांसमोर बसून ‘बरं वाटत नाही’ एवढंच सांगावं, तसं हे. खरी तक्रार दहा-वीस ओळी वर असते.

वाचायची खूण सोपी आहे. ‘ई’ अक्षर आणि पुढे विसर्गासारखी दोन टिंबं, म्हणजे एरर, काम थांबलंय. ‘डब्ल्यू’ म्हणजे वॉर्निंग, काम पुढे गेलंय पण काहीतरी खटकलंय. सगळ्यात वरची ‘ई’ची ओळ, किंवा तिच्याही आधी ‘एरर’ शब्द जिथे पहिल्यांदा दिसतो ती ओळ, वहीत उतरवा. खालच्या ओळी बहुधा तिचीच पिल्लं असतात.

२. याद्या ताज्या होतायत का बघा

सुडो ॲप्ट अपडेट

ही कमांड काहीही इन्स्टॉल करत नाही. सर्व्हरवर काय काय आहे याची यादी फक्त आणते. नवखे इथे फसतात, ‘अपडेट केलं तरी काही बदललं नाही’ म्हणतात. बदल करणारी कमांड ‘अपग्रेड’. पण यादीच जुनी असेल तर पुढचं सगळं खोटं, म्हणून सुरुवात इथूनच.

ओळींच्या सुरुवातीला ‘हिट’ किंवा ‘गेट’ असेल तर ठीक. ‘एर’ असेल तर थांबून वाचा.

‘टेम्पररी फेल्युअर रिझॉल्व्हिंग’ आलं तर बहुधा नेटच नाही. ब्राउझर उघडून बघा.

‘क्लिअरसाइन्ड फाइल इझन्ट व्हॅलिड’, आणि त्याच ओळीत ‘नोस्प्लिट’ असा शब्द? हे कॉलेज, हॉस्टेल, लॉज अशा ठिकाणच्या वायफायवर येतं. ॲप्टने यादी मागितली आणि वायफायने तिच्या जागी आपलं लॉगिनचं पान हातात ठेवलं. एररमध्येच कंसात विचारलेलं असतं की या नेटवर्कला लॉगिन लागतं का. ब्राउझरमध्ये लॉगिन करा, परत अपडेट मारा, झालं.

‘रिलीज फाइल इज नॉट व्हॅलिड यट’ हा आमच्या पहिल्या मशीनचा रोग. मदरबोर्डवरचा बटणसेल मेलेला, त्यामुळे दर वेळी चालू केलं की तारीख कित्येक वर्षं मागे. ॲप्टला वाटतं, ही यादी भविष्यातून आली, मी कशी घेऊ? ‘डेट’ टाइप करून तारीख बघा, सेटिंग्जमधून नीट करा, आणि सेल बदला. बहुतेक डेस्कटॉपमध्ये तो सीआर२०३२ असतो, घड्याळवाल्याकडेही मिळतो. (जाता जाता: एकाच मशीनवर विंडोज आणि उबुंटू असेल आणि विंडोजचं घड्याळ साडेपाच तास मागे पडत असेल, तर सेल बरोबर आहे. उबुंटू मदरबोर्डच्या घड्याळात ग्रिनिचची वेळ लिहितं, विंडोज तीच भारतीय वेळ समजून वाचतं.)

‘हॅश सम मिसमॅच’ किंवा ‘मिरर सिंक इन प्रोग्रेस?’ आलं तर चूक तुमची नाही. सर्व्हरवर त्या क्षणी माल उतरत असतो. तासाभराने बघा. वारंवार आलं तर ‘सॉफ्टवेअर अँड अपडेट्स’मध्ये जाऊन भारतातल्या सर्व्हरऐवजी ‘मेन सर्व्हर’ निवडा.

‘४०४ नॉट फाउंड’ उबुंटूच्याच सर्व्हरवरून येत असेल तर आवृत्तीचं वय बघा. एप्रिल-ऑक्टोबरात निघणाऱ्या साध्या आवृत्त्यांना नऊच महिने आधार असतो, एलटीएसला (जास्त काळ आधार मिळणाऱ्या आवृत्तीला) पाच वर्षं. साध्या आवृत्तीची मुदत संपली की तिचा माल ‘ओल्ड-रिलीजेस’ नावाच्या वेगळ्या सर्व्हरवर जातो. तिथून ओढून गाडी ढकलता येते, पण माझं ऐकाल तर घरचा डेटा काढून घ्या आणि नवी एलटीएस टाका.

३. ‘अनेबल टू लोकेट पॅकेज’

दहातल्या बहुतेक वेळा स्पेलिंग. पॅकेजचं नाव आणि प्रोग्रामचं नाव एकच असेल असं नाही. ‘ॲप्ट सर्च’ आणि पुढे एखादा शब्द टाकून शोधा. इथे सुडो लागत नाही.

स्पेलिंग बरोबर असेल तर ‘युनिव्हर्स’ नावाचं भांडार बंद आहे का बघा. उबुंटूचा माल चार कप्प्यांत असतो: मेन, रिस्ट्रिक्टेड, युनिव्हर्स, मल्टिव्हर्स. चालू करायला:

सुडो ॲड-ॲप्ट-रिपॉझिटरी युनिव्हर्स

मग परत अपडेट. ते विसरलात तर तीच एरर पुन्हा.

४. कुलूप

‘कुड नॉट गेट लॉक /व्हार/लिब/डीपीकेजी/लॉक-फ्रंटएंड’. नवीन मशीन पहिल्यांदा नेटला जोडलं की हमखास. उबुंटू आपणहून सुरक्षेची अपडेट टाकत असतं आणि त्या वेळात दुसऱ्या कोणाला आत येऊ देत नाही. एररमध्ये कुलूप कोणाकडे आहे तेही लिहिलेलं असतं. ‘अनअटेंडेड-अपग्र’ असं अर्धवट नाव दिसलं तर चहा घेऊन या. जुन्या मशीनवर अर्धा तासही लागतो.

इंटरनेटवर यावर एक उपाय सर्रास सापडतो: लॉकची फाइल ‘आरएम’ने पुसून टाका. करू नका. फाइल पुसली म्हणून आधीचं काम थांबत नाही. आमच्याकडे पुस्तकांचं रजिस्टर एकच, आणि दोघं जण एकाच पानावर एकाच वेळी नोंदी करायला लागले तर जे होईल ते इथे होतं. खरंच काही अडकलंय असं वाटत असेल तर आधी बघा:

पीएस ऑक्स | ग्रेप ॲप्ट

(ऑक्स म्हणजे ए-यू-एक्स, मधली उभी रेघ एंटरजवळच्या किल्लीवर शिफ्टसकट.) यात ‘ग्रेप’ची स्वतःची ओळ सोडून दुसरं काही नसेल, तरी पुसू नका. मशीन रीस्टार्ट करा. कुलूप आपोआप सुटतं.

५. मधेच लाईट गेली

दुसऱ्या मशीनची गोष्ट. एकसष्ट टक्के झालं होतं. पंखा थांबला, पडदा काळा झाला, आणि ग्रंथपाल काका म्हणाले, “आता सगळं परत का हो?” मीही तसंच समजलो होतो. लाईट आल्यावर ॲप्टने काय करायचं ते स्वतःच सांगितलं: ‘डीपीकेजी वॉज इंटरप्टेड’, आणि पुढे नेमकी कमांड.

सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए

पॅकेज बसताना दोन टप्पे असतात. आधी फाइली उघडून जागेवर ठेवायच्या, मग मांडामांड करायची. लाईट गेली तेव्हा काही पॅकेजं पहिल्या टप्प्यावर लटकलेली असतात. ही कमांड राहिलेली मांडामांड पुरी करते. त्यानंतर:

सुडो ॲप्ट --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल

दहा मिनिटांत मशीन ठीक झालं. काकांनी विचारलं, “मग काल दिवसभर काय करत होतात?” त्यावर मी काही बोललो नाही.

६. डिस्कवर जागा

डीएफ -एच

‘युज%’च्या रकान्यात कुठे शंभर दिसतंय? मुळाची, म्हणजे नुसत्या ‘/’ ची ओळ भरली असेल तर ‘सुडो ॲप्ट क्लीन’. डाउनलोड होऊन पडलेली पॅकेजं जातात, बसलेल्या सॉफ्टवेअरला धक्का लागत नाही.

‘/बूट’ची ओळ वेगळी दिसत असेल आणि तीच भरली असेल, तर जुने कर्नल (प्रणालीचा गाभा असलेल्या फाइली) साठलेत. ‘सुडो ॲप्ट ऑटोरिमूव्ह --पर्ज’ करा, पण एंटर मारण्याआधी काय काय काढतोय ते वाचा. /बूटमध्ये शिरून हाताने फाइली पुसू नका. पुढच्या वेळी मशीन कशाच्या जोरावर उठणार?

७. एकमेकांत अडकलेली पॅकेजं

इथे घाई केली की मशीन जातं, म्हणून जरा थांबून वाचा.

‘द फॉलोइंग पॅकेजेस हॅव अनमेट डिपेंडन्सीज’. म्हणजे तुम्ही मागितलेल्या पॅकेजला दुसरं एक पॅकेज लागतंय आणि ते हव्या त्या आवृत्तीचं मिळत नाहीये. बऱ्याचदा पुढे असं काहीतरी असतं: ‘डिपेंड्स: लिबसी६ (>= २.३८) बट २.३५ इज टू बी इन्स्टॉल्ड’. ही एकच ओळ नीट वाचली तर सगळं कळतं. लिबसी६ हा प्रणालीचा कणा आहे, जवळपास प्रत्येक प्रोग्राम त्यावर टेकलेला. उबुंटू २२.०४ मध्ये तो २.३५ आहे, २४.०४ मध्ये २.३९. म्हणजे तुमच्या हातातली फाइल २४.०४ सारख्या नव्या आवृत्तीसाठी बनवलेली आहे आणि मशीन २२.०४ चं आहे. फाइल दुसरी आणा. लिबसी६ कुठूनतरी नवा आणून कोंबायचा प्रयत्न केलात, तर ‘एलएस’सारखी साधी कमांडसुद्धा चालायची बंद होऊ शकते.

कोणती आवृत्ती कुठून येतेय हे बघायला ‘ॲप्ट पॉलिसी’ आणि पुढे पॅकेजचं नाव. त्यात उबुंटूव्यतिरिक्त दुसराच पत्ता दिसला, तर पूर्वी कधीतरी जोडलेलं बाहेरचं भांडार आडवं येतंय. ‘यू हॅव हेल्ड ब्रोकन पॅकेजेस’ आलं तर ‘ॲप्ट-मार्क शोहोल्ड’ टाकून कोणाला मुद्दाम रोखून ठेवलंय का तेही बघा.

डेबियनचं भांडार उबुंटूत, उबुंटूचं डेबियनमध्ये असली सरमिसळ करू नका. डेबियनवाले अशा मशीनला ‘फ्रँकनडेबियन’ म्हणतात.

आणि सगळ्यात मोठा सापळा. ॲप्ट काम सुरू करण्याआधी विचारतं, ‘डू यू वॉन्ट टू कंटिन्यू?’ त्याच्या वर एक यादी असते, ‘विल बी रिमूव्ह्ड’, त्यातला शेवटचा शब्द मोठ्या अक्षरांत. ती यादी दर वेळी वाचायची. ‘उबुंटू-डेस्कटॉप’ किंवा ‘ग्नोम-शेल’ असलं काही तिथे दिसलं तर एन दाबून बाहेर. कमांडच्या शेवटी ‘-वाय’ लावायची सवय याचसाठी वाईट, प्रश्न विचारलाच जात नाही.

मी एकदा वाचली नाही. एक ॲपइमेज (इन्स्टॉल न करता थेट चालणारी) फाइल चालत नव्हती, ‘लिबफ्यूज.एसओ.२’ सापडत नाही म्हणाली. मी २२.०४ वर ‘फ्यूज’ नावाचं पॅकेज मागितलं, वाय दाबला. त्याने आधीचं ‘फ्यूज३’ काढलं आणि त्याच्या मागोमाग डेस्कटॉपचे निम्मे भाग गेले. रीस्टार्टनंतर काळा पडदा आणि लुकलुकणारी एक रेघ. अशा वेळी कंट्रोल-ऑल्ट-एफ३ दाबायचं, नाव-पासवर्ड टाकून आत जायचं आणि ‘सुडो ॲप्ट इन्स्टॉल उबुंटू-डेस्कटॉप’. नेट केबलने जोडलेलं होतं म्हणून निभावलं. हवं होतं ते पॅकेज ‘लिबफ्यूज२’. २४.०४ वर त्याचं नाव ‘लिबफ्यूज२टी६४’ झालंय.

८. बाहेरून आणलेली फाइल

‘.डेब’ फाइल उतरवली असेल तर ‘डीपीकेजी -आय’ वापरू नका, ते अवलंबून असलेली पॅकेजं आणत नाही. त्याऐवजी फाइल असलेल्या फोल्डरमध्ये जाऊन:

सुडो ॲप्ट इन्स्टॉल ./फाइलचंनाव.डेब

सुरुवातीचं टिंब आणि तिरकी रेघ विसरू नका, नाहीतर ॲप्ट ते भांडारातलं नाव समजून शोधत बसेल.

‘एक्झेक फॉरमॅट एरर’ म्हणजे फाइल दुसऱ्या जातीच्या मशीनची. ‘परमिशन डिनाइड’ आलं तर ‘सीएचमॉड +एक्स’ आणि पुढे फाइलचं नाव टाकून तिला चालण्याची परवानगी द्या. पेनड्राइव्हवरून चालवताय आणि तरी ऐकत नाही? फाइल होम फोल्डरमध्ये कॉपी करा. पेनड्राइव्हवर सहसा जी फाइल-पद्धत असते, तिला ही परवानगी लिहून ठेवताच येत नाही.

पीपीए (कोणीतरी स्वतः चालवलेलं बाहेरचं भांडार) जोडल्यावर ‘डझ नॉट हॅव अ रिलीज फाइल’ आलं तर त्या पीपीएवाल्याने तुमच्या आवृत्तीसाठी काही ठेवलेलंच नाही. फाइलीत ‘नोबल’च्या जागी ‘जॅमी’ लिहून फसवण्याचा सल्ला मिळेल. मग सातव्या पायरीवर परत भेटू. ‘नो_पबकी’ आलं तर सही तपासायची किल्ली नाही. जुन्या लेखांतली ‘ॲप्ट-की’ कमांड आता बाद आहे, किल्ल्या ‘/ईटीसी/ॲप्ट/कीरिंग्ज’मध्ये ठेवतात. ज्यांचं सॉफ्टवेअर आहे त्यांच्याच पानावरची नवी पद्धत घ्या.

९. पायथनची पॅकेजं

‘एक्स्टर्नली-मॅनेज्ड-एन्व्हायर्नमेंट’. डेबियन १२ आणि उबुंटू २३.०४ पासून, म्हणजे २०२३ पासून, ‘पिप’ (पायथनची पॅकेजं बसवणारी कमांड) थेट प्रणालीत काही टाकू देत नाही. एररच्याच खाली ‘--ब्रेक-सिस्टिम-पॅकेजेस’ असा पर्याय दिसतो. नावातच काय होणार ते लिहिलंय, तरी पोरं तो टाकतात. स्वतंत्र खोली बांधून घ्या:

सुडो ॲप्ट इन्स्टॉल पायथन३-व्हीएन्व्ह
पायथन३ -एम व्हीएन्व्ह माझं
सोर्स माझं/बिन/ॲक्टिव्हेट

‘माझं’च्या जागी कुठलंही रोमन नाव द्या. आता पिप कुरकुर करणार नाही. टर्मिनल बंद केल्यावर पुढच्या वेळी तिसरी ओळ परत टाकावी लागते.

१०. बसलं, पण दिसत नाही

मराठी टायपिंगचं असंच झालं. पॅकेज बसलं, एरर नाही, आणि यादीत मराठी नाही. ‘आयबस रीस्टार्ट’ करा, नाहीतर सरळ लॉगआउट करून परत या. मग सेटिंग्ज, कीबोर्ड, इनपुट सोर्सेस, अधिकचं चिन्ह, मराठी. तिथे इन्स्क्रिप्ट निवडा किंवा आवाजावरून टाइप करायचं असेल तर फोनेटिक. भाषा बदलायला विंडोज-किल्ली आणि स्पेस.

‘कमांड नॉट फाउंड’ येत असेल तर ‘डीपीकेजी -एल’ आणि पुढे पॅकेजचं नाव टाकून त्याने कोणत्या फाइली कुठे ठेवल्या ते बघा. ‘बिन’मध्ये असलेलं नाव म्हणजे खरी कमांड. (इथे एल कॅपिटल. लहान एलने वेगळीच यादी येते.)

एवढं करूनही अडलात तर

कोणाला विचारायला जाताना मोबाइलवर काढलेला तिरपा फोटो पाठवू नका. ‘/व्हार/लॉग/ॲप्ट’ या फोल्डरमध्ये दोन फाइली कामाच्या असतात. ‘हिस्टरी.लॉग’मध्ये तुम्ही कोणत्या तारखेला कोणती कमांड टाकली ते, आणि ‘टर्म.लॉग’मध्ये तेव्हा पडद्यावर काय आलं ते. त्यातला त्या दिवसाचा तुकडा, आवृत्तीचा नंबर आणि मशीनची जात, हे तिन्ही सोबत द्या. माझ्याकडे येणाऱ्यांना मी आधी एवढंच मागतो, आणि बरेच जण तो तुकडा कॉपी करता करताच म्हणतात, “थांबा, कळलं बहुतेक.”